प्रयोग उंदरांवरचा आहे हे मथळ्यातच लिहा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पानावर हळद, द्राक्षं, ग्रीन टी यातली अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींचं नुकसान रोखणारी द्रव्यं, केमोपासून ओव्हरी (बीजांडकोश) वाचवतात अशी बातमी आली आणि तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर तीच फिरतेय. माझ्या भाचीला ब्रेस्ट कॅन्सरसाठी केमो सुरू होणारे, अजून तिशीसुद्धा नाही तिची, त्यामुळे जो तो हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलची लिंक पाठवतोय.

बातमी खोटी नाहीये. सायक्लोफॉस्फमाइड नावाचं केमोचं औषध लिव्हरमध्ये गेलं की त्यातून जे विषारी घटक तयार होतात ते डीएनए तोडतात, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेशींना इजा करणारा ताण, वाढवतात आणि ओव्हरीतली कच्ची बीजं मरतात, ती पुन्हा तयार होत नाहीत. उंदरांना हे औषध देऊन सोबत रेस्व्हेराट्रॉल, क्वेरसेटिन किंवा कर्क्युमिन यांसारखं अँटिऑक्सिडंट दिलं तर जास्त बीजं शिल्लक राहिलेली दिसलीत. पण अशा बहुतेक प्रयोगांत उंदरांना कॅन्सर नसतोच हो! मग जे ओव्हरीला वाचवतं तेच गाठीलाही वाचवत नाही ना, हे कळणार कसं? 2002 साली अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरची गाठ असलेल्या उंदरांना कर्क्युमिन खायला घातलं तर याच सायक्लोफॉस्फमाइडने गाठ कमी व्हायची ती नीट होईना. आणि 2020 मध्ये तिथल्याच ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटच्या अभ्यासात, केमोच्या आधी आणि चालू असताना अँटिऑक्सिडंट सप्लिमेंट घेणाऱ्या बायकांमध्ये कॅन्सर परत यायचं प्रमाण जास्त असल्याकडे कल दिसला. पक्का पुरावा नाही तो, पण डॉक्टरांना न सांगता कॅप्सूल सुरू करू नये एवढं तरी त्यातून नक्की कळतं. आमटीतल्या चिमूटभर हळदीबद्दल मी बोलत नाहीये, त्यात कर्क्युमिन जेमतेम तीनेक टक्के आणि तेही अंगी फार कमी लागतं.

मला जास्त वाईट वाटतं ते याचं की जे उपाय माणसांमध्ये खरंच होतात त्यांचं बातमीत नावही नाही. केमोच्या आधी साधारण दोन आठवडे मिळाले तर बीजं काढून फ्रीझ करता येतात, त्यासाठी पाळीची वाट बघत बसावं लागत नाही. वयात न आलेल्या मुलींसाठी ओव्हरीचा तुकडा फ्रीझ करतात, तसा तुकडा परत बसवून पहिलं बाळ 2004 साली बेल्जियममध्ये झालं. केमो चालू असताना ओव्हरीचं काम तात्पुरतं थांबवणारं गोसेरेलिनचं महिन्याचं इंजेक्शनही आहे, 2015 मध्ये आलेल्या ट्रायलमध्ये हार्मोन रिसेप्टर निगेटिव्ह (हार्मोनवर न वाढणारा) ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या बायकांना त्याचा फायदा दिसला.

पुण्यात गल्लोगल्ली आयव्हीएफ सेंटर आहेत पण कॅन्सरच्या ओपीडीत हा विषय निघतच नाही, मुलगी लग्नाची असली की आईवडील तिच्यासमोर बोलायला कचरतात, आधी जीव वाचू दे म्हणतात, ते बरोबरच आहे, पण पहिली केमो झाल्यावर विचारण्यात फारसं काही उरत नाही. आम्ही स्वतःहून विषय काढला तेव्हा कुठे डॉक्टरांनी फर्टिलिटीवाल्यांची चिठ्ठी दिली.

तेव्हा विनंती अशी की त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टाइपात, केमोच्या आधी काय विचारायचं, किती दिवस लागतात, पुण्यात अंदाजे किती खर्च येतो, हे एखाद्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन छापा. आणि शक्य तितक्या लवकर छापा.

आपली एक वाचक,
कोथरूड, पुणे