चिमीची जोडी लावण्याआधी

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. चिमीची, तुझ्या पाळीव उंदराच्या मादीची, जोडी लावावी का, एक वेत घरात वाढवावं का, असं तू विचारलंस आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंस, ‘मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.’ तर स्पष्टच सांगतो, आत्ता लावू नकोस. कधीच लावू नकोस असं माझं म्हणणं नाही. पण जन्माला येणारा प्रत्येक नर कुठे राहणार, याचं उत्तर तुझ्याकडे तयार नाही तोवर थांब.

पिल्लं होण्यात काहीच अवघड नाही. मादी दर 4-5 दिवसांनी माजावर येते, गाभण राहिली की 19 ते 21 दिवसांत व्यायते. एका वेताला साधारण 6 ते 12 पिल्लं, कधी त्याहून जास्त. आणि व्याल्यावर साधारण एका दिवसात ती परत माजावर येते. तेव्हा नर त्याच पिंजऱ्यात असला, तर पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहते. इकडे पहिल्या वेतातल्या माद्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात वयात येतात. भाऊ-बहीण, बाप-लेक हा भेद उंदरांना नसतो. ‘एकच वेत’ म्हणून सुरू केलेल्या घरात दोन-तीन महिन्यांत किती जीव होतील, याचा हिशेब तूच मांडून बघ.

आता नरांचं. माद्या चार-पाच जणी एकत्र गुण्यागोविंदाने राहतात, एकमेकींची पिल्लंसुद्धा पाजतात. नरांचं तसं नसतं. माझ्याकडे दोन सख्खे भाऊ होते, जन्मल्यापासून एकाच घरट्यात वाढलेले, एकमेकांच्या अंगावर झोपणारे. वयात आले आणि एके दिवशी त्यातला काळा कोपऱ्यात पाठ चिकटवून बसलेला दिसला. हातात घेतला तर शेपटीच्या मुळाशी आणि ढुंगणावर बारीक बारीक चावे, काहींवर खपली, काही ओले. दुसऱ्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. त्या दिवसापासून दोघं वेगळे राहिले, शेवटपर्यंत. जमणारे भाऊ असतात, नाही असं नाही, पण त्या भरवशावर वेत काढू नये. 8 पिल्लांत 4 नर निघाले, तर 4 पिंजरे, 4 चाकं, 4 वेगळी घरटी, आणि वेगळ्या पडलेल्या प्रत्येकाला रोज तुझा थोडा वेळ. त्यांच्या मुताचा वास उग्र असतो, त्यामुळे घेणारेही माद्याच मागतात. नर मागे राहतात. काही पैदासकार नको असलेली पिल्लं लहानपणीच मारून टाकतात. तुझ्या हातून ते होणार नाही हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच हा विचार जोडी लावण्याआधी करायला हवा.

दुसरी गोष्ट चिमीच्या कुळाची. ती दुकानातून आणलेली आहे. तिची आई किती जगली, कशाने गेली, भावंडं शिंकत होती का, यातलं तुला काहीच ठाऊक नाही. उंदरांत श्वसनाचा जुनाट आजार घर करून असतो. वरून जनावर ठणठणीत दिसतं आणि जरा ताण आला की छातीत घरघर सुरू होते. मायकोप्लाझ्मासारखे जंतू आईकडून पिल्लांकडे जातात. स्तनांच्या गाठी काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. इथे मला ॲबी लॅथ्रॉप या बाईंची आठवण होते. 1900 च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनी हौशी लोकांसाठी उंदीर वाढवायला सुरुवात केली, पुढे प्रयोगशाळांनाही पुरवले. काही उंदरांच्या अंगावर त्यांना गाठी दिसल्या, तेव्हा त्यांनी नमुने शास्त्रज्ञांकडे पाठवले आणि तो कर्करोग निघाला. कुठल्या घराण्यात गाठी जास्त होतात हे पुढे त्यांना सांगता आलं, कारण कोण कुणाचं याच्या नोंदी त्यांनी वहीत ठेवल्या होत्या. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो. तुझ्याकडे चिमीची अशी एक ओळही नाही.

रंगाचं तू लिहिलंस, की तांबूस-पिवळी जोडी मिळाली तर सगळी पिल्लं तशीच होतील. होणार नाहीत. 1905 मध्ये फ्रान्सच्या क्येनो या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की पिवळ्याला पिवळा लावला तरी शुद्ध पिवळं घराणं कधी तयारच होत नाही. पुढे कारण कळलं: हा रंग देणारं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं, तर तो गर्भ पोटातच मरतो. म्हणजे दर चारातला एक जन्मतच नाही. उरलेले पिवळे फार लठ्ठ होतात, त्यांना गाठीही जास्त होतात. सगळेच तांबूस उंदीर या जनुकाचे नसतात, पण कुठला कुठल्या घराण्यातला हे न कळता दोघांना एकत्र सोडणं मला पटत नाही.

‘तिला एकदा तरी आई होऊ दे’ हे तुझं वाक्य वाचून थांबलो. तुझी माया त्यात दिसते. पण मादीच्या तब्येतीला वेताची काही गरज नसते, उलट पिल्लू अडून ती दगावूही शकते. आणि तू तिचं वय 9 महिने लिहिलंस. पहिलं वेत साधारण 3 ते 6 महिन्यांच्या दरम्यान व्हावं, त्यानंतर पहिलटकरणीला धोका वाढतो. चिमीपुरतं उत्तर इथेच मिळालं असं मी धरतो.

तुझी ओढ मला कळते रे. मी वेत वाढताना पाहिलंय. जन्मतात तेव्हा जेमतेम ग्रॅमभराची, गुलाबी, डोळे-कान मिटलेली. कातडी इतकी पातळ की दूध प्यायलेल्या पिल्लाच्या पोटात डाव्या बाजूला पांढरा ठिपका बाहेरून दिसतो. तो दिसला की जीव भांड्यात पडतो. नवव्या-दहाव्या दिवशी माद्यांच्या पोटावर दोन ओळींत बारीक टिंबं उमटतात, ते त्यांचे सड, आणि दोन-तीन दिवसांत लव वाढून ती झाकली जातात. नर-मादी ओळखायला ती वेळ उत्तम. तेराव्या-चौदाव्या दिवशी डोळे उघडतात आणि मग हात आत घातला की सगळी टणाटण उड्या मारायला लागतात. हे सगळं बघावंसं वाटण्यात गैर काहीच नाही.

म्हणून पुढे कधी करायचंच ठरलं, तर ज्याच्याकडे दोन-तीन पिढ्यांची नोंद आहे अशाकडून जोडी घे, दोघांच्या आजी-आजोबांचं वय आणि आजार विचारून. मादी गाभण दिसली की व्यायच्या आधी नर बाजूला काढ. चौथ्या आठवड्यात नर पिल्लं आईपासून वेगळी कर. घेणारे आधी ठरव, पिल्लं नंतर. आणि कुणी पाळू शकलं नाही, तर पिल्लू परत घ्यायची तयारी ठेव. लहान प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर गाठून ठेव, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर उंदीर तपासत नाहीत.

पत्रात एका ठिकाणी ओझरतं लिहिलंयस, की चिमी हल्ली चाकावर जात नाही, नुसती बसून असते. मला वाटतं, सगळं तिथूनच सुरू झालंय. ती एकटी आहे, तिला सोबत हवी. दोन माद्या आण. आधी 3 आठवडे त्यांना वेगळ्या खोलीत ठेव, म्हणजे शिंका-घरघर असेल तर तेवढ्यात कळेल. मग पिंजरा धुऊन, सगळा भुसा बदलून तिघींना एकत्र सोड. दुकानातली मादी बरेचदा गाभण असूनच घरी येते, तेही त्या तीन आठवड्यांत समजेल. तसं निघालंच तर रात्री-अपरात्री फोन कर. माझे रिकामे पिंजरे घेऊन मी येतो, नर माझ्याकडे ठेवू.

तुझा,
अनिल