आमच्या चिमी बदकाला पुन्हा खायला लावणाऱ्या डॉक्टरकाकांना

ती. डॉक्टरकाका,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता आणि आमच्या बाळ्याच्या, म्हणजे नर बदकाच्या, पायाची चौकशी करू लागता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. आमच्या अलिबागकडच्या वाड्यांमध्ये हौसेनं दोन-चार बदकं पाळणारी घरं माझ्याच ओळखीत कितीतरी आहेत. कोंबडी आजारी पडली तर सांगणारे शंभर भेटतात. बदकानं खाणं सोडलं तर विचारायचं कुणाला, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं. तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्यापुरतं ठेवणं बरं वाटत नाही.

चिमीचं गाऱ्हाणं तुम्हाला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ती आमची खाकी कॅम्पबेल मादी. बदकांमध्ये मोठा आवाज मादीचाच, नर नुसता घोगरा घोगरा बोलतो. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की चिमीची हाक रस्त्यापर्यंत जायची. ऐन पावसाळ्यात ती हाक बंद झाली. खाद्याच्या भांड्याशी जायची, चोच लावायची आणि तशीच मागे फिरायची. मग जाणंही थांबलं. पिसं विस्कटलेली, मान आत ओढलेली, विष्ठा पातळ आणि हिरवीगार. आमच्या तोंडचं पाणी पळालं. जिथे जिथे फोन केले तिथून एकच सूर ऐकू आला: बदकच आहे ना, कशाला एवढा जीव टाकता? एका ठिकाणी तर "अजून बरी आहे तोवर कापून टाका" असा सल्ला मिळाला. माझी मुलगी शेजारीच उभी होती. तिच्या कानावर ते गेलं याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "पाणी पिते का? पाय गार लागतात का?" आणि भर पावसात स्कूटर काढून आलात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेला माणूस, ना ओळख ना पाळख, एका बदकासाठी आला. हे मी विसरणं शक्य नाही.

आल्या आल्या तुम्ही तिला हात लावला नाहीत. पडवीत बसून लांबूनच बघत राहिलात: श्वास कसा घेते, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होते का, उभी राहताना कोणत्या पायावर भार देते. पक्षी आजार लपवतात, माणूस जवळ गेला की अंगात असेल नसेल तेवढं बळ आणून उभे राहतात, म्हणून आधी लांबून बघायचं, असं तुम्ही समजावलंत. मग पंचा टाकून पंखांसकट अलगद उचललंत आणि माझी बोटं तिच्या छातीवर ठेवलीत. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. वर पिसांचा एवढा भरगच्च थर की डोळ्यांना काहीच कळत नव्हतं. "बदकाचं वजन डोळ्यांनी नाही, बोटांनी आणि काट्यानं बघायचं," असं म्हणालात. तेव्हापासून स्वयंपाकघरातला वजनकाटा पडवीत आला तो आला.

पोट चाचपून अंडं अडकलेलं नाही याची तुम्ही खात्री केलीत. मान लुळी पडलेली नव्हती. डोळ्यांतून पाणी नव्हतं, उजेडाला ती डोळे मिटत नव्हती, आणि बाळ्या धडधाकट होता. त्यावरून बदकांचा प्लेग असण्याची शक्यता कमी, असं म्हणालात. तरी त्याची लस असते आणि आपल्या बदकांना ती टोचलेली आहे की नाही हे घरातल्या माणसांना माहीत असायला हवं, हेही बजावलंत. तार किंवा खिळा गिळलेला असेल तर एक्स-रे लागेल, तो मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला (जनावरांच्या दवाखान्यात) काढता येईल, अशीही वाट सांगून ठेवलीत. पावसात मांडव्याची लाँच बंद, म्हणजे वडखळवरून गाडीनंच न्यायचं आणि एवढा प्रवास तिला आत्ता झेपणार नाही, हाही हिशेब तुम्हीच मांडलात.

आणि मग म्हणालात, "खाद्याची गोणी दाखवा."

गोणी वरून कोरडी ठणठणीत होती. नुकतीच आणलेली. तुम्ही कोपरापर्यंत हात आत घातलात आणि तळाचं एक ढेकूळ काढून फोडलंत. आत करडी-हिरवट बुरशी, आणि जुन्या ओल्या पोत्याला येतो तसला कुबट वास. दुकानातून येतानाच ती गोणी आतून भिजलेली होती. शेंगदाण्याच्या पेंडीला आणि मक्याला धरणारी ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते थेट लिव्हरवर जातं आणि बदकाला ते कोंबडीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत बाधतं, हे मला तिथे पडवीत कळलं. १९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पटापट मेल्या, बदकांची पिल्लंही मेली, आणि शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला, ही हकिगत तुम्ही परळच्या कॉलेजात शिकलेली, तशीच्या तशी सांगितलीत. पुढे खाद्यात हे विष आहे का हे तपासायला प्रयोगशाळांत बदकाची पिल्लंच वापरली जायची, इतकी ती नाजूक, हे ऐकून आमच्या आईंनी चिमीच्या पाठीवर हात ठेवला.

खाद्य आणि रक्त तपासल्याशिवाय शिक्का मारता येत नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. ते मला फार आवडलं. पण ती गोणी त्याच क्षणी बाहेर काढायला लावलीत. आईंनी विचारलं, ऊन देऊन किंवा उकळून चालेल का? बुरशी मरेल, विष तसंच राहील, हे तुमचं उत्तर मी आता भेटेल त्याला सांगते. ढेकळं वेचून उरलेलं वापरणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते.

या विषावर उतारा नाही. करायचं ते इतकंच: विष थांबवायचं आणि लिव्हर सावरेपर्यंत जीव धरून ठेवायचा. इथून पुढचं जे होतं त्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही इंजेक्शन देऊन, औषध लिहून निघून गेला असतात तरी मी तुमचे आभारच मानले असते. पण तुम्ही बसलात आणि माझ्या हातांना शिकवलंत.

"आधी ऊब, मग पाणी, मग अन्न." हा क्रम मोडायचा नाही. बदकाचं अंग मुळात ४१-४२ अंशांच्या घरातलं. ते गार पडलं की आतडी चालत नाहीत, आणि अशा पोटात अन्न ढकललं तर ते आतच आंबतं. मी तर घाबरून भात भरवायच्या तयारीत होते. तुम्ही खोका मागितलात, एका बाजूला बल्ब लावलात आणि दुसरी बाजू मोकळी ठेवलीत, म्हणजे गरम झालं तर तिला सरकता यावं. पाय कोमट लागेपर्यंत काहीही द्यायचं नाही. मग कोमट पाण्यातलं ओआरएस, तेही चोचीच्या कडेला थेंब थेंब लावून, ती आपणहून गिळेल तेवढंच. चोच उघडून पाणी ओतायचं नाही. मोबाइलच्या उजेडात तिची चोच उघडून तुम्ही मला दाखवलंत: जाडसर, कडेला काटेरी झालर असलेली जीभ, आणि तिच्या मुळाशी श्वासाबरोबर उघडमीट करणारी बारीकशी फट. ती श्वासनळी. पाणी तिथे गेलं की फुफ्फुसात गेलं. ती फट एकदा डोळ्यांनी बघितली आणि मग माझा हात कधी घाईला आला नाही.

दुसऱ्या दिवशी नळी घालायला शिकवलंत. मऊ रबरी नळी, टोकाला थोडं तेल, तिच्या डाव्या बाजूनं आत आणि घशाच्या उजव्या कडेनं खाली, मान सरळ वर धरून. कोंबडीला असते तशी ठसठशीत पिशवी बदकाच्या गळ्याशी नसते, अन्ननलिकाच खाली थोडी रुंद होते, म्हणून थोडं थोडं आणि सावकाश. आईंनी तांदळाची पेज गाळून दिली, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक घोटला. किती मिली आणि किती वेळानं, ते तुम्ही वजन बघून कागदावर लिहून दिलंत. तो आकडा मी इथे देत नाही, कारण तो चिमीच्या वजनाचा आहे. आणि नळी कुणी हे वाचून घालू नये, शिकवणारं माणूस शेजारी हवंच.

रोज संध्याकाळी तुमचा फोन. "आज काटा काय म्हणतो?" वजन घसरत होतं ते दिवस माझ्या फार जिवावर आले. काटा उतरला की फोन उचलताना माझा आवाज जायचा, आणि तुम्ही शांतपणे विष्ठेचा रंग विचारायचात. पोट रिकामं असलं की ती हिरवी येते, अन्न लागायला लागलं की तपकिरी होईल, ते आधी दिसेल, वजन मागाहून वाढेल. तसंच झालं. पहिल्यांदा तपकिरी दिसलं तेव्हा आम्ही तिघी पडवीत उभ्या राहून रडलो.

पाय लटपटत होते त्याचं कारणही तुम्ही सोडवलंत. कोंबड्यांचं खाद्य बदकांना चालतं असं सगळेच धरून चालतात, पण बदकाला नायसिन (ब जीवनसत्त्वांपैकी एक) जास्त लागतं, पिल्लांच्या खाद्यात तर किलोमागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास. कमी पडलं की पाय अधू होतात, आणि पाय दुखणारं बदक भांड्यापर्यंत जातच नाही. बी-कॉम्प्लेक्स आणि लिव्हर टॉनिक सुरू केलंत, आणि मटार द्यायला सांगितलंत. पावसाळ्यात ताजे कुठले, फ्रोझनच आणले, कोमट पाण्यात सोडून. तोंडाला चव यावी म्हणून सुकट घालू का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही जवळजवळ ओरडलात: खारवलेली मासळी अजिबात नाही, मीठ बदकाला सोसत नाही.

ती स्वतःहून खायला लागली ते मात्र पाण्यातून. बदकाला कोरडं गिळणं जड जातं, घासाबरोबर पाणी लागतंच, आणि भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, नाहीतर खाद्य नाकात बसतं, हे तुम्ही सांगितल्यावर आम्ही उथळ ताटली काढून पसरट घमेलं ठेवलं. त्यात तळ्यातला अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती, सोडला. ती बराच वेळ नुसती बघत होती. मग चोच पाण्यात घातली आणि ती बारीक, भरभर चपचप सुरू झाली, चोचीच्या कडेच्या फण्यांतून पाणी गाळतानाची. मान वर केली तेव्हा कडेला हिरवे ठिपके चिकटले होते. मी तुम्हाला फोन लावला आणि बोलता येईना, तेव्हा मोबाइल घमेल्याजवळ धरला. तुम्ही ऐकून म्हणालात, "बस्स. आता नळी बंद."

तळ्यात मात्र तिला लगेच सोडू दिलं नाहीत. आजारी बदक पिसं साफ करत नाही, शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचं तेल पिसांना लागत नाही, मग पाणी अंगात मुरतं आणि ते गारठतं. बाळ्यालाही जाळीच्या पलीकडेच ठेवायला लावलंत. दिसत राहिला पाहिजे, कारण एकटं पडलेलं बदक आणखी खंगतं, पण जवळ नको, अशक्त मादीवर नर चढला तर ती जाईल. ही बारीक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली असती?

काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत, पेट्रोलचेही नाही. माझ्याकडे देण्यासारखं आहे ते एवढंच, की तुमचं शिक्षण पुढे जावं. तुमच्या अक्षरातल्या कागदाच्या झेरॉक्स (मिलीचे आकडे खोडून) मी शेजारच्या दोन वाड्यांत दिल्या आहेत, आणि खाली १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री नंबर लिहिला आहे. खाद्य आता आम्ही लहान पिशव्यांतच आणतो, दुकानातच तळापर्यंत हात घालून बघतो, आणि घरी घट्ट झाकणाच्या पिंपात फळीवर ठेवतो. चिमीच्या वजनाचा काटा आजाराआधीच्या आकड्यावर आला आहे. अंडी सुरू झाली आहेत, पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे औषध चाललं आहे तोवर आम्ही ती अंडी खात नाही.

बाळ्याच्या तळपायाची सूज उतरली आहे, मध्यावरचा काळा खपला अजून आहे. रविवारी त्याला घेऊन येते. आईंनी घावने करून द्यायचं ठरवलं आहे, ते तरी नाही म्हणू नका.

तुमची,
चिमीच्या घरची