चामड्याची सीट घेतोस तर

दारव्हा, जि. यवतमाळ
आषाढ

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. रिटायर झाल्यावर लोक बीपीच्या गोळ्या सुरू करतात, तू सायकल सुरू केलीस. बेस केलं गड्या. आता तिला ब्रूक्स या इंग्रजी कंपनीची चामड्याची सीट बसवायची म्हणतोस, आणि ‘तू जन्मभर चामड्यावर बसलास, तूच सांग’ म्हणून काम माझ्या गळ्यात घातलंस. तर ऐक.

चामड्याची सीट ही एका माणसाची वस्तू आहे. सायकल तू एकटाच चालवणार असशील, तीही रोज, तर खुशाल घे. आज तू, उद्या नातू, परवा सोसायटीचा वॉचमन असा कारभार असेल तर फोमची बरी. इथं माझ्या अंगणातली सायकल कोणीही ‘काका, जरा फाट्यावर जाऊन येतो’ म्हणून नेतो, आणि नाही म्हणायची आपल्याकडं रीत नाही. पुतण्यानं परवा नेली ती भर पावसात पानठेल्यासमोर उभी केली, अन् स्वतः मात्र शेडखाली खर्रा घोटत बसला. त्याला काय सांगणार?

एका माणसाची का, ते त्या सीटच्या घडणीतच आहे. आत गादी नसतेच. लोखंडी सांगाडा असतो, त्याच्या मागच्या पट्टीवर आणि पुढच्या नाकावर जाड कातडं रिव्हेट मारून ताणलेलं, मधे सगळी पोकळी. बाजेच्या दोरीसारखं ते अधांतरी झुलतं. आपली बसण्याची दोन हाडं टेकतात तिथंच कातडं हळूहळू दबतं, बाकीचं ताठ राहतं. वजन हाडांवर राहतं, मधल्या नाजूक भागावर येत नाही. फोमचं उलटं. दुकानात अंगठ्यानं दाबली की मऊ लागते, पण लांबच्या फेरीत हाडं फोममधे रुततात आणि मधला फोम वर येऊन नको तिथं दाबतो. मग बधिरपणा, मुंग्या, जे तू पत्रात लाजत लाजत लिहिलंस ते सगळं.

माझ्या बावीस इंची सायकलीवरची सीट बाबांच्या वेळची, ते तुला माहीतच आहे. मागून नीट पाहिलं तर दोन खळगे दिसतात, डावा जरा जास्त खोल. बाबा डावीकडं कलून बसत. सायकल माझ्याकडं आली तेव्हा बरेच दिवस मला त्यांच्या बसण्यावर बसावं लागलं, कंबर धरायची. म्हणून जुन्या बाजारात कोणाची वापरलेली, ‘मस्त मऊ झालेली’ सीट स्वस्तात मिळाली तर घेऊ नकोस. ती दुसऱ्याच्या हाडांची आहे.

नवी घेतलीस तर पहिले काहीशे किलोमीटर शिव्या देशील. ती टणकच असते. लोकांना घाई होते, कोणी पाण्यात भिजवतो, कोणी एरंडेल पाजतो. हे करू नकोस. हे कातडं झाडांच्या साली-फळांतल्या तुरट अर्कात कमावलेलं असतं. आपल्याकडं त्याला बाभळीची साल आणि हिरडा वापरत आले. क्रोम या रसायनात कमावलेलं चामडं लुसलुशीत, ते जाकिटाला ठीक. सीटला ताठपणा लागतो. तेल जास्त मुरलं की कातडं ताण धरत नाही, झोळ पडतो, कडा बाहेर फाकतात आणि मांड्यांना घासतात. कंपनीचं चरबी-मेणाचं मलम येतं, प्रूफाइड नावाचं. ते बोटावर येईल तेवढं घे, वरून चोळ, फडक्यानं पूस, संपलं. मी मिरग लागायच्या आधी एकदा आणि दिवाळी झाल्यावर एकदा लावतो.

नाकाखाली एक बोल्ट असतो. कातडं सैल पडलं तर त्यानं ताणायचं. पण पाव फेरा, जास्त नाही, आणि गरज नसताना तर मुळीच नाही. आपला मिस्त्री हौशी माणूस, त्यानं एकाची सीट इतकी आवळली की मागच्या रिव्हेटजवळ कातडं चिरलं. तिथं चिरलं की खेळ खलास. फोमची फाटली तर बाजारात जाऊन काहीशे रुपयांत दुसरी आणता येते. हिची किंमत आमच्या गावातल्या जुन्या अख्ख्या सायकलीपेक्षा जास्त.

पाऊस हा तिचा खरा वैरी. ओल्या कातड्यावर बसलं की ते वेडंवाकडं ताणतं आणि तसंच वाळतं. भिजली तर सावलीत वाळू दे, उन्हात नाही, चुलीजवळ तर नाहीच. मी युरियाच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक कापून टोपी केली आहे. पण तू एक पाहा: तुझ्या नव्या सायकलीला मडगार्ड नाही. मागचं चाक चिखलाचं पाणी थेट खालून फेकणार, आणि खालची बाजू कच्चीच असते. आधी मडगार्ड बसव, मग सीटचं बोल. बाकी फोमवाल्यांनी पावसाचा तोरा मिरवू नये. रेक्झिनला एक चीर पडली की आतला फोम पाणी धरून ठेवतो, आणि वरून कोरडी दिसणारी सीट शाळेत पोचेपर्यंत पँट ओली करते. चामड्याचा त्रास वेगळा, काळा रंग सुटतो. पांढरा पायजमा घालून बसू नकोस.

मे महिन्यात इथं पारा 45 च्या वर जातो, कातडं कोरडं पडून तडकतं. तुला पुण्यात ती काळजी कमी. उंदरांची मात्र कुठंही आहे. चरबीच्या वासानं त्यांनी एका हिवाळ्यात माझ्या सीटची कड कुरतडली होती.

आता कोणती घ्यायची. ब्रूक्सची बी-17 सगळे सांगतात. साधारण 520 ग्रॅमची, आजच्या हलक्या सीटच्या दुपटीनं जड. पण ती पुढं वाकून चालवणाऱ्याची. तुझं हँडल उंच, तू ताठ बसणार, मग सगळं वजन मागं येतं. तुला रुंद, स्प्रिंगवाली पाहिजे, बी-66 सारखी. कुरकुरते, पण खड्डे खाते. जाताजाता, या ब्रूक्सनं 1866 मधे बर्मिंगहॅमला घोड्याच्या साजाचा धंदा सुरू केला. त्याचा घोडा मेला, मग तो सायकलवर बसला, बूड दुखलं, म्हणून 1882 मधे सीटचं पेटंट घेतलं, असं कंपनी सांगते. गोष्ट थोडी रंगवलेली वाटते, पण बूड दुखलं असणार यात शंका नाही.

आणि हो, वहिनींना आधी विचार. ते गाईचं कातडं असतं. आमच्या आत्याबाई त्या सीटला शेवटपर्यंत शिवल्या नाहीत. घरात अडचण असेल तर त्याच कंपनीची कॅम्बियम नावाची सीट येते, रबराची, वरून सुती कापड. मलम नको, पावसाची भीती नको, तीही झुलती, पण तुझ्या हाडांचा आकार काही घेत नाही. कापसाच्या जिल्ह्यात बसून सुती सीटची शिफारस करतोय, आता भाव कोणाला मिळतो ते विचारू नकोस.

घेतलीस तर त्या बोल्टचा पाना मागून घे, आणि जमलं तर माझ्यासाठीही एक पाठव. इथं बरोब्बर बसणारा मिळत नाही, चिमट्यानं किती दिवस फिरवू? फोन करायचा तर सातनंतर कर, दुपारी शेतात रेंज नसते.

तुझा,
बावीस इंचीवाला