बाळ कण्हतंय, भूक समजू नका

संपादक महोदय,
अडीच किलोच्या आतलं बाळ, त्यातून दिवस भरायच्या आधी आलेलं, श्वास सोडताना कण्हत असेल तर घरचे म्हणतात भूक लागली असेल, आणि तिथेच वेळ जातो हो. नाकपुड्या फुलतायत, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, मिनिटाला ६० च्या वर श्वास, असं दिसलं की लगेच डॉक्टर, थांबायचंच नाही. अशा बाळांच्या फुप्फुसात सरफॅक्टंट, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटू न देणारा पदार्थ, कमी पडतं हे १९५९ लाच कळलंय, आज सीपॅप, म्हणजे नाकातून सतत दाबाने हवा देणारं यंत्र, आहे, सरफॅक्टंट देता येतं, आणि ३४ आठवड्यांच्या आत डिलिव्हरी होईल असं वाटलं तर आईला आधीच स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. नाव ऐकून लोक घाबरतात, पण त्यानेच बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. ही लक्षणं आरोग्य पानावर चित्रांसकट छापा ना, प्लीज.
- एक नर्स