आधी रिकामे करण्याची सोय, मग प्रयोग

संपादक महोदय,

जुनी डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारी यंत्रे) आणि लेझरचे पॉवर सप्लाय यांतून निघालेले उच्च व्होल्टेजचे पल्स कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एका झटक्यात सोडणारे भाग, भंगारात मिळतात. चुंबकीय झटक्याने पत्र्याचा डबा चेपायचा, बारीक तारेची क्षणात वाफ करायची, असे प्रयोग हौशी मंडळी त्यांवर करतात. विज्ञान पुरवण्यांत अशा प्रयोगांची माहिती येते तेव्हा चार्जिंगचे सर्किट सविस्तर असते आणि शेवटी 'काळजी घ्यावी' एवढी एक ओळ. हा क्रम उलटा हवा. कॅपॅसिटर रिकामा करण्याची सोय आधी तयार व्हावी, तपासली जावी. तिचे मोजमाप देता येत नसेल तर प्रयोग छापूच नये.

डिफिब्रिलेटरमधला 32 मायक्रोफॅरड, 4500 व्होल्टचा कॅपॅसिटर घेऊ. धारितेला (मायक्रोफॅरडमधल्या आकड्याला, फॅरडमध्ये घेऊन) व्होल्टेजच्या वर्गाने गुणून निम्मे केले की साठलेली ऊर्जा कळते. इथे ती 324 ज्यूल, म्हणजे 33 किलोचे वजन एक मीटरवरून पडावे एवढी. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधल्या कॅपॅसिटरमध्ये पाच-दहा ज्यूल असतात. तेवढ्या अनुभवावर विसंबून याला हात लावू नये. हा झटका छातीतून गेला तर दुसरी संधी मिळेलच असे नाही.

टर्मिनलवर स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून कॅपॅसिटर रिकामा करायची सवय सर्वत्र दिसते, ती घातक आहे. शेकडो-हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणभर वाहतो, वितळलेल्या धातूचे थेंब डोळ्यांकडे उडतात आणि आतल्या पातळ फॉइलची जोडणी जळते. बाहेरून कॅपॅसिटर ठणठणीत दिसतो आणि पुढच्या चार्जिंगला फुटतो.

खरी पद्धत स्वस्त आहे. 2.2 किलोओहम, 10 वॅटचे दहा वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून अर्धा मीटर लांब, कोरड्या पीव्हीसी नळीत बसवावेत. एका टोकाला क्लिपची जाड इन्सुलेटेड वायर, दुसऱ्या टोकाला पितळी आकडा. एकूण 22 किलोओहम झाले. कॅपॅसिटर पूर्ण चार्ज असताना प्रवाह 0.2 अँपिअरच्या आसपास राहतो, प्रत्येक रेझिस्टरवर 450 व्होल्ट येतात आणि साडेतीन सेकंदांत 30-32 व्होल्ट उरतात. तरी आकडा दहा सेकंद लावून ठेवावा. वापरण्यापूर्वी दर वेळी नळी मल्टिमीटरने मोजावी. एखादा रेझिस्टर आतून तुटला असेल तर आकडा टेकवला तरी काहीच घडत नाही, आणि माणूस समजतो की कॅपॅसिटर रिकामा झाला. म्हणूनच नळीनंतर रेझिस्टर नसलेली, दोन्ही टर्मिनल थेट जोडणारी दुसरी इन्सुलेटेड काठी टर्मिनलवर टेकवायची. तेव्हा ठिणगी पडली तर पहिली नळी बिघडली आहे.

एवढे करूनही काम संपत नाही. कागद आणि तेलाचे डायइलेक्ट्रिक (फॉइलच्या थरांमधला वीजरोधक थर) काही विद्युतभार आत धरून ठेवते आणि शॉर्ट काढल्यावर तो हळूहळू टर्मिनलवर परत येतो. तीन टक्के धरले तरी 4500 चे 135 व्होल्ट होतात. कपाटात ठेवलेल्या कॅपॅसिटरचा झटका बसतो तो यामुळे. वापरात नसताना दोन्ही टर्मिनल तांब्याच्या तारेने जोडून, नट कसूनच तो ठेवावा.

साठलेला भार आपोआप हळूहळू उतरवणारा कायमचा ब्लीडरही हवा: 1 मेगाओहम, 2 वॅटचे दहा रेझिस्टर सिरीजमध्ये. एकच 10 मेगाओहमचा रेझिस्टर चालत नाही; पाव वॅटच्या साध्या रेझिस्टरची मर्यादा साधारण 250 व्होल्ट असते, त्यापुढे तो पृष्ठभागावरून ठिणगी मारतो. या ब्लीडरने 4500 वरून 50 व्होल्टवर यायला 24 मिनिटे लागतात, म्हणजे तो नळीला पर्याय नाही. व्होल्टेज सतत दिसण्यासाठी 50 मायक्रोअँपिअरचे काट्याचे मीटर आणि 100 मेगाओहमची रेझिस्टरमाळ कायम जोडावी. पूर्ण काटा म्हणजे 5000 व्होल्ट. नेहमीच्या मल्टिमीटरची मर्यादा बहुधा 600 किंवा 1000 व्होल्ट, तो इथे लावू नये.

अनेक कॅपॅसिटर समांतर जोडणाऱ्यांनी जास्त जपावे. दहांपैकी एक आतून शॉर्ट झाला तर उरलेल्या नवांची जवळजवळ 2900 ज्यूल ऊर्जा त्या एका डब्यात शिरते. प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज लागतो, तोही उच्च व्होल्टेजचा. 250 व्होल्टचा काचेचा फ्यूज वितळला तरी आर्क (हवेतून वाहणारी ठिणगी) चालूच राहतो. फ्यूज उडालेला कॅपॅसिटर बँकेपासून, म्हणजे समांतर जोडलेल्या बाकीच्यांपासून, तुटतो; ते रिकामे केले की मीटर शून्य दाखवते, पण तो एकटा भारित राहू शकतो. म्हणून ब्लीडर प्रत्येकावर, फ्यूजच्या आतल्या बाजूला हवा, आणि नळी प्रत्येकाच्या टर्मिनलवर फिरवायला हवी.

डिफिब्रिलेटरचा कॅपॅसिटर रुग्णाच्या शरीराच्या सुमारे 50 ओहम रोधासाठी बनवलेला असतो. जाड तांब्याच्या कॉइलमध्ये तो थेट सोडला की प्रवाह कैक पटीने वाढतो, शिवाय व्होल्टेज उलटसुलट झोके घेते आणि डायइलेक्ट्रिक लवकर फुटते. अशा कामाला तो 3000 व्होल्टच्या वर नेऊ नये. ऊर्जा 144 ज्यूलवर येते, पण तो टिकतो.

फुगलेला डबा, तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर किंवा टर्मिनलभोवती तेलाचा ओलावा दिसला तर तो कॅपॅसिटर वापरातून बाद करावा. अमेरिकेत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) या रसायनाच्या उत्पादनावर 1979 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या तेलात हे विषारी रसायन असू शकते. पीसीबी नसल्याचा शिक्का डब्यावर नसेल आणि वर्षही कळत नसेल, तर तो फोडू नये, जाळू नये, भोक पाडू नये. टर्मिनल शॉर्ट करून तो घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यावा.

आपले,
उच्च व्होल्टेजवर काम करणारे काही वाचक