वीटभट्टीवरच्या सगळ्यांचे मनापासून आभार

ज्या वीटभट्टीवर आम्ही अचानक जाऊन उभे राहिलो तिथल्या मालक काकांचे आणि काम करणाऱ्या सगळ्यांचे खूप खूप आभार, नावं मुद्दाम लिहीत नाही. विटा पाडणाऱ्या ताईंनी चालू काम थांबवून दाखवलं की साच्याला आधी आतून कोरडी राख किंवा बारीक वाळू लावायची म्हणजे माती चिकटत नाही, मग गोळा जोरात आपटायचा, कोपरे अंगठ्याने दाबायचे आणि वरची जास्तीची माती सपकन काढून टाकायची. कच्ची वीट नीट वाळली नसेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती भट्टीत तडकते, हे काका परत परत सांगत होते. आत साधारण ९०० ते १००० डिग्री उष्णता असते आणि ही माणसं नुसत्या आगीच्या रंगावरून अंदाज घेतात, मला तर हेच सगळ्यात भारी वाटलं! दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा, तोही ऐकवला.

मग काका म्हणाले जेवल्याशिवाय सोडणार नाही, आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं आमच्यापुढे सरकवलं, हातावर पाणीसुद्धा त्यांनीच घातलं. इतक्या आपुलकीने कोण करतं हो अनोळखी माणसांचं? भट्टी रचणारे दादा कामातून उठू शकले नाहीत, त्यांच्याशी बोलणं राहिलं, दादा तुमचेही मनापासून आभार.