पिंपळगावचा गोंगाट

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मित्रा,

वायरलेस सेन्सरच्या जाळ्याचं तुझं सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) परवा रात्री नीट पाहिलं. मेहनत दिसते. पण एका जागी तू अडकशील असं वाटतं. गेल्या द्राक्ष हंगामात मी तिथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये आम्ही प्रीकूलिंगच्या (माल गार करायच्या) खोल्यांत झिगबीचे, म्हणजे कमी ताकदीच्या रेडिओवरून आकडे पाठवणारे तापमान-सेन्सर बसवले. आधी सिम्युलेशन केलं, अगदी तुझ्यासारखंच: प्रत्येक पॅकेट, म्हणजे सेन्सरचा एक छोटा संदेश, हरवण्याची शक्यता ५ टक्के. नाही पोचलं तर सेन्सर आणखी ३ वेळा पाठवतो. चारही वेळा हुकायची शक्यता काढून बघ, १,६०,००० मध्ये एक! मी निर्धास्त झालो. प्रत्यक्षात संध्याकाळी क्रेटच्या गाड्या लागल्या की आकडे येणंच बंद. खोली तापत होती आणि स्क्रीनवर जुनंच तापमान दिसत होतं. शेतकऱ्याचा वर्षभराचा माल होता रे तो. त्या रात्री झोप लागली नाही.

मग दोन दिवस तिथेच ठाण मांडलं. रिसीव्हर लावून दर मिलिसेकंदाला हवेतला गोंगाट, म्हणजे इतर यंत्रांच्या रेडिओ लहरींचा व्यत्यय, नोंदवला. दिवसभराची सरासरी काढली तर पॅकेटं ५ टक्क्यांच्या आसपासच हरवत होती! फक्त ती सुटी सुटी हरवत नव्हती, झुंडीने हरवत होती. गाडी आली की हालचाल टिपणारे वायफाय कॅमेरे एकदम व्हिडिओ पाठवू लागायचे, आणि सेन्सरचे चारही प्रयत्न त्याच गर्दीत सापडायचे. त्यात वायफाय साधारण १०० मिलीवॅटने बोलतो आणि आपला सेन्सर १ मिलीवॅटने, म्हणजे वायफायला तो बऱ्याचदा ऐकूच येत नाही, मग वायफाय त्याच्यासाठी थांबतही नाही. कॅन्टीनच्या मायक्रोवेव्हचीही रीत ठरलेली: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २० मिलिसेकंदांतले निम्मे तो गोंगाट करतो, निम्मे गप्प.

तेव्हा ती टक्केवारी काढून टाक. टॉसिम या सेन्सर-जाळ्यांच्या सिम्युलेटरमध्ये स्टॅनफर्डच्या मेयर लायब्ररीत नोंदवलेला खराखुरा गोंगाट वापरतात. मागचे काही क्षण कसे गेले ते पाहून पुढच्या क्षणाचा गोंगाट निवडायचा, अशी ती पद्धत. तिने झुंडी तशाच टिकतात. मी माझी नोंद तशीच वापरली आणि सिम्युलेशनमध्ये पहिल्यांदा ती आकडे बंद पडलेली संध्याकाळ दिसली. मग सेन्सर २६ नंबरच्या चॅनेलवर नेले. तो २४८० मेगाहर्ट्झवर, तिथल्या वायफायच्या पट्ट्याबाहेर पडतो. शिवाय पुन्हा पाठवण्याआधी थांबायची वेळ वाढवली. आता आकडे येतात.

आणखी एक. प्रत्येक यंत्राभोवती तू सिग्नलच्या पल्ल्याचं वर्तुळ काढून बाहेरच्यांना सोडून दिलंयस. तसं करू नकोस. लांबचे दहा क्षीण सिग्नल एकत्र आले की त्यांची बेरीज होते आणि ती जवळच्या एकाइतकी त्रास देऊ शकते.

माझी नोंद पेनड्राइव्हवर ठेवलीय. पण तू एप्रिलच्या आत ये, पॅकहाऊस चालू असतानाच. संध्याकाळी गाड्या लागताना आपण मिळून पुन्हा नोंदवू. आईने तुझ्यासाठी बेदाणे काढून ठेवलेत.

तुझाच